गाऱ्हाण्यापुरता केरू

दोन हजार सतरा साल. पालीजवळच्या बागेत आंब्याची पहिली काढणी उद्यावर आली होती, आणि मुकुलला वाटेतला दगड हलवायचा होता.

"टेम्पो आतपर्यंत येईल, आई. तीन पिढ्या बाग आपली आहे."

त्याआधी ती केरूच्या घराण्याची होती. त्यांची घरं गेली, विहीर बुजली, बांध मोडले. राहिला तो त्यांच्या जागेवाल्याचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा दगड, आणि काढणीआधी त्याला गाऱ्हाणं घालून राखण मागणारा म्हातारा केरू. त्याला मूलबाळ नव्हतं.

"केरूचं गाऱ्हाणं मोबाइलवर घेऊन ठेवू," मुकुल म्हणाला. "दगड काय, फाटकापाशीही चालेल."

उमाबाई उठून पडवीत गेल्या. तिथे त्यांची मुलगी ऋजुता सूक्ष्मदर्शक लावून बसली होती. शेवाळं हा तिचा अभ्यास.

"आई, बघ. हौदातलं पाणी."

तांबूस ठिपके पळत होते.

"यांच्या पूर्वजाने दुसरं एक शेवाळ गिळलं. त्याचं बहुतेक सगळं आपलंसं केलं. पण त्याचं केंद्रक अजून आत आहे, एवढंसं. यातून दिसायचंही नाही."

"पचलं नाही?"

"त्यातलं उरलेलं गिळणाऱ्याच्या केंद्रकात आणायचं तर गिळलेल्याचं घर फुटायला हवं. आणि प्रत्येकाच्या आत तसं घर एकच. फुटलं तर दोघंही मरतील. म्हणून राहिलं, असं म्हणतात. थोडं काम अजून तेच करतं."

"शेवाळाला टेम्पो आणायचा नसतो," मुकुल म्हणाला.

सकाळी केरूने दगडापुढे नारळ ठेवला. मुकुलने फोन धरला.

"बा जागेवाल्या, तुझी लेकरां हात जोडून उभी हायत..."

केरू होकारासाठी थांबला. कुणी बोलेना.

"मुकुल, तो डबा खाली कर नि व्हय म्हण. त्यास कळाया नको, आयकतंय कोण?"

"होय महाराजा," चालू फोन खाली धरून मुकुल पुटपुटला.

"ही जागा आमची. आमी ती ह्यांच्या हवाली केली. ह्यांस सांभाळ."

पंचेचाळीस वर्षं उमाबाई हे ऐकत होत्या. हे वाक्य त्यांच्या घरातल्या कुणालाच म्हणता येणार नव्हतं, हे त्यांना आज उमगलं.

"होय महाराजा," त्या म्हणाल्या. मग मुकुलकडे वळल्या. "दगड राहील. टेम्पो वळसा घालील."

केरू पुढच्या पावसाळ्यात गेला. ऋजुता गोव्याला नोकरीला लागली. उमाबाईंना आता काठी लागते, पण काढणीच्या सकाळी त्या दगडापाशी जातात. मुकुलने नंतर दोन फोन बदलले. त्या सकाळचं गाऱ्हाणं असलेला जुना मात्र या एका दिवसासाठी चार्ज करून नारळाशेजारी ठेवतो. त्यातून केरू बोलतो, मग थांबतो, आणि मुकुल हात जोडून म्हणतो, "होय महाराजा."