बाजूला बसणं

ताट दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवून मेघाली चार पावलं मागं सरली, तेव्हा काशीनं ते आपल्याकडं ओढून घेतलं. सातव्या महिन्याचं पोट घेऊन वाकताना मेघालीच्या कमरेचा काटा ढिला होत होता. पण आज सासूच्या हातात ताट द्यायचं नव्हतं.

दुपारी मुंबईच्या इस्पितळात काशीच्या छातीतल्या गाठीपाशी सुई टोचली होती. औषधात नॅनो का काय म्हणतात तसले डोळ्यांना न दिसणारे कण, तेही किरणं सोडणारे. भावेशनं आईला घरी सोडताना बायकोला समजावलं, की कण बगलेतल्या ज्या गाठीत जाऊन बसतात ती मशीनमध्ये चमकते. कॅन्सर पसरलाच तर आधी तिथं जाणार, म्हणून उद्या ऑपरेशनात तीही काढून तपासायची. चोवीस तास पोटुशी बाईनं जवळ जायचं नाही. एवढं सांगून तो वडपे गावातल्या गोडाऊनवर, आपल्या कामावर, रजा सांगायला गेला. चोवीस तास भरायच्या आधीच, पहाटे, मायलेकांना ऑपरेशनसाठी निघायचं होतं.

वेगळी चटई, वेगळा तांब्या काशीनं आपणहून मागून घेतला. तिला काही शिकवावं लागलं नाही.

"काशे, ओट्यावं का जेवतं गं?" शेजारच्या ठमाबाईनं कुंपणावरून विचारलं.

"बाजूला बसलंय मी."

"आता? साठी उलटल्यावं?"

दोघी म्हाताऱ्या खो खो हसल्या. मेघालीला हसू आलं नाही.

लग्नानंतर दोन वर्षं दर महिन्याला ती याच ओट्यावर, याच भिंतीला टेकून बसली होती. आज उट्टं निघालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दिवसभर राबून ती दमली होती, आणि उद्या ही बाई परत येईल ना, या भीतीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ठमाबाई गेली. काशी भात चिवडत म्हणाली, "जायच्या आधी तुझ्या पोटाला हात लावीन म्हनत व्हते."

"परत आल्यावर लावा, आई."

"आले तं."

"असं काय बोलता? एका दिवसाचा तर प्रश्न हाय. मला तर तुमी चार-चार दिवस बसवायचात."

बोलून गेल्यावर मेघालीनं जीभ चावली. काशी रागावली नाही. भाताचा घास तसाच हातात धरून बसली.

"मला कारन तरी सांगितलं गं डागदरांनी," ती म्हणाली. "तुला मी काय सांगितलं?"

आत जावं म्हणून मेघाली वळली आणि दारातच थांबली.

"आई, बाळ लाथ मारतंय."

"कुठं?"

"डावीकडं. बेंबीच्या खाली."

काशीनं घाईघाईनं हात धुतला, पदराला पुसला आणि आपल्याच पोटावर ठेवला. डावीकडं, बेंबीच्या खाली.

"आता?"

"आता जरा वर सरकलं."

काशीनं हात जरा वर सरकवला.