ताटलीमागचं नाव

समिधाने पहिली ताटली उलटी केली आणि तिच्या तोंडातली चकली तोंडातच राहिली.

अबुधाबीहून दोन तास गाडी चालवत ती दुबईला, करामातल्या विभावरीच्या घरी आली होती ती या बारा ताटल्यांसाठीच. पुढच्या शनिवारी जुन्या अमेरिकन भांड्यांचं प्रदर्शन होतं आणि मधलं टेबल कुणाला द्यायचं ते तीच ठरवणार होती. विभावरीने सकाळपासून चार वेळा टेबल पुसलं होतं. का नाही पुसणार? नऊ वर्षं तिने एकेक ताटली जमवली होती. अमेरिकन कुटुंबं देश सोडून निघाली की घरचं सामान विकायला काढतात, तिथे शुक्रवार-शनिवार जाऊन उकिडवं बसून खोकी उपसायची. बारावी सापडली तीही कुठे, तर नवऱ्याच्या, सदानंदच्या नोकरीच्या गावी, रुवैसला. तीनशे दिरहमना. "म्हणजे सात हजार रुपये? एका उष्ट्या ताटलीला?" असं सासूबाईंनी त्या दिवशी तीनदा विचारलं होतं.

"विभा, हे काय गं?" समिधा म्हणाली.

विभावरी हसतच पुढे आली. ताटलीच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. ओहायोतला तो कारखाना बंद पडून साठ वर्षं झाली, तेव्हा तो शिक्का म्हणजे ताटलीचा जन्मदाखलाच. जाणकार माणूस पुढची फुलं नंतर बघतो, आधी पाठ बघतो.

शिक्का नव्हता. त्या जागी चकाकी पार खरवडून काढलेला पांढराफटक डाग होता आणि त्यात ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : विभावरी.

विभावरीने दुसरी उलटी केली. तिसरी केली. चौथी समिधानेच तिच्या हातातून काढून घेतली आणि उरलेल्या एकेक करून उलट्या केल्या. बाराच्या बारा. विभावरी, विभावरी, विभावरी.

"इरा!" ती किंचाळली.

आतून लेकीचा आवाज आला, "मम्मा, आय डिडन्ट टच देम, आय स्वेअर!"

आणि तेवढ्यात पदराला हात पुसत सगुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या विभावरीच्या सासूबाई. चेहरा असा की पहिल्या नंबराने पास झाल्या आहेत.

"बघितलंस का? म्हटलं आपण होऊन सांगायचं नाही, मैत्रिणीसमोरच कळू दे."

"आई, हे... हे तुम्ही?"

"मी कसली, भिवाने. आमच्या वाडीतला तो, अल क्वोजला वर्कशॉपात असतो ना. तू ऑफिसला गेलीस की यायचा, सहा-सहा करून नेल्या बिचाऱ्याने. अगं, सगळ्यांच्या मागे कुणा मेलीचं इंग्रजी नाव होतं. प्रत्येकीवर तेच! म्हणजे सगळ्या एकाच बाईच्या. जुनी भांडी घेतली की आधी जुनं नाव घासून काढायचं, मग आपलं घालायचं. तसंच ठेवलं तर लोक म्हणतील चोरून आणली. आणि बघ हो, एकीलाही तडा गेला नाही!"

समिधाने ताटली अलगद खाली ठेवली.

"खलास," ती हळूच म्हणाली. "सॉरी, विभा. शिक्का नसताना मी या नाही मांडू शकत. उद्या कुणीही म्हणेल, डुप्लिकेट आहेत." चहा अर्धाच टाकून तिने पर्स उचलली.

दार लागलं आणि विभावरीचा बांध फुटला. पंधरा वर्षांत सासूपुढे आवाज चढवला नव्हता, तो आज चढला.

"विचारायचं तरी होतं! ते बाईचं नाव नव्हतं हो, कारखान्याचं होतं! नऊ वर्षं मातीत घातलीत माझी!"

"कारखान्याचं?" सगुणाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई! मला वाटलं..."

पण विभावरीला आता लागेल असंच बोलायचं होतं. "आणि घालायचंच होतं तर तुमच्या लाडक्या लेकाचं घालायचंत! घरातल्या पेल्यापासून परातीपर्यंत सगळ्यांवर त्यांचंच आहे ना? माझं कशाला?"

"सदाचं मुद्दामच नाही घातलं." सगुणाबाईंनी एक ताटली मांडीवर ओढली आणि त्या कोरलेल्या जागेवरून पदर फिरवत राहिल्या. "आमच्याकडे वाटण्या झाल्या तेव्हा भांडी नावं वाचून वाटली, मामंजींच्या नावाची सगळी थोरल्या घराला. माझ्या माहेरहून आलेला तांब्याचा हंडा होता. लग्नात आला तेव्हाच त्याच्यावर मामंजींचं नाव घातलेलं. अठ्ठावीस वर्षं चिंच लावून मी घासला तो. वाटणीच्या दिवशी उचलायला गेले, तर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, 'सगुणा, आधी नाव वाच.'"