आवाज ऐकणारा कॉम्प्युटर

"माझ्या आवाजाशिवाय हा आता जागचा हलणारसुद्धा नाही," पियूष म्हणाला.

बाइकवरून पडल्यामुळे त्याचे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये होते. दुपारी रिपोर्ट पाठवला नाही तर नोकरी जाणार होती, म्हणून त्याने बोलून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. मारुंजीतले त्याचे घरमालक हैबतराव मदतीला आले होते. बैलाला म्होरकी घालावी तसा त्यांनी त्याच्या डोक्यावर माइक चढवला.

"ओपन रिपोर्ट."

काहीच उघडलं नाही. पियूष गप्प बसला, तेव्हा मात्र स्क्रीनवरचा बाण आपोआप चालू लागला. सावकाश उजवीकडे गेला, कडेला वळला आणि जरासा खालून परत आला.

"हे तर नांगरतंय की वो!" हैबतराव हसले. "आमी हितं असंच नांगरायचो. तुमची खोली हाय ना, बरोबर हितंच."

"काका, मी एक शब्दही बोललेलो नाही."

"मग बैलं कोण हाकतंय?"

पियूषने सांगितल्यावर त्यांनी माइकची वायर उपटली. आवाज आला की वर चढणारी हिरवी पट्टी तरीही चढत-उतरत होती.

"स्टॉप! स्टॉप!"

बाण खालच्या कोपऱ्याकडे निघाला. हैबतरावांचं हसू गेलं.

"थांबवा त्याला. तिकडं हीर हाय."

"कुठली विहीर?"

"बुजवलेली."

बाण रिपोर्टची फाईल ओढत कोपऱ्यात गेला आणि दिसेनासा झाला. फरशीखाली पाण्यात काहीतरी जड पडलं.