टोपलीतल्या भाकरी

“पप्पा, माझ्या डोक्यावरच्या टोपलीतल्या भाकरी पाखरं खात होती,” करुणाने पहाटेचं स्वप्न सांगितलं आणि तिचे सासरे, चर्चचे निवृत्त पाळक उजागरे, चपापले. सुनेला आठवा महिना होता. बायबलात हेच स्वप्न इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या, कैदेतल्या आचाऱ्याला पडलं होतं; सोबतचा कैदी योसेफ याने त्याचा अर्थ मरण असा सांगितला होता, आणि तिसऱ्या दिवशी आचारी फासावर गेला होता.

कुठेतरी मवाळ शब्द सापडेल या आशेने त्यांनी बायबलाची तीन भाषांतरं टेबलावर उघडली. फारो तुझं काय उडवील हे सांगताना एकात योसेफ ‘शिर’ म्हणत होता, दुसऱ्यात ‘मस्तक’, तिसऱ्यात ‘डोकं’. आचारी मात्र तिन्हींत मरत होता. घाबरून ते मागच्या ओळी वाचू लागले. अर्थ सांगण्याआधी योसेफाने तुरुंगात त्याची विचारपूस केली होती, आज चेहरा का उतरलाय? हा प्रश्न तिन्हींत सारखाच होता.

उजागरेंनी मान वर केली. करुणा पोटावर हात धरून बसली होती.

“बाळा, काय होतंय तुला?”

तिचे डोळे भरून आले. “रात्रीपासून पोटात हालचाल नाही, पप्पा. तुम्हाला सांगायचा धीर होईना, म्हणून स्वप्न सांगितलं.”

पुस्तकं उघडीच टाकून त्यांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या, आणि पडद्याबाहेर उजागरेंना प्रार्थनेचा एकही शब्द आठवेना. अखेर मंद धडधड ऐकू आली.

“लगेच ऑपरेशन करावं लागेल,” बाई म्हणाल्या. “वेळेत आणलंत.”

दुपारी नात झाली. काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडत होती. उजागरे कितीतरी वेळ दारात उभे राहून ते रडणं ऐकत होते.