एकच रेघ

डासांच्या औषधाची चाचणी आता उंदरांवर होत नसे. मेलेल्यांनी दान केलेल्या पेशींपासून काचेच्या बशीत फुप्फुस वाढवत आणि त्याला वाफ देत. सात नंबरच्या बशीत तपासनीस खरातांच्या बायकोचं, सुलभाचं फुप्फुस होतं. याच औषधाने ती धापा टाकत गेली होती. आज बशीतलं फुप्फुसही मेलं.

"काका, सात नंबर मुळातच नाजूक. त्याची नोंद खोडून टाका," कंपनीचे दाबके म्हणाले.

"नियमाने एकच रेघ मारतात साहेब. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण आणि सही."

"मग मारा की!"

खरातांनी कंपनीने आधीच लिहून आणलेल्या अहवालातल्या ‘सुरक्षित’ या शब्दावर रेघ मारली. कारण लिहिलं, ‘सुलभा पुन्हा मेली.’ सही केली.

"घ्या साहेब. वाचा मोठ्याने."