साडेबारा चौकटी

"एक अष्टमांश म्हणजे दशांशात किती?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं आणि त्यांचं बोट टिचकीवर येऊन थांबलं.

टिचकी उभी राहिली. पुढच्या बाकावरच्या चौघांनी तिच्यासाठी भिंतीवरचा तक्ता वाचून काढला. तक्त्यात अर्धा होता, पाव होता, पाऊण होता. अष्टमांश नव्हता. टिचकीने तिकडे पाहिलंच नाही. तिने दप्तरातून बाईंनी दिलेली शंभर चौकटींची कागदी पट्टी काढली. तिची आई इस्पितळात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालते. घडी कशी असते हे त्या पोरीला कुणी शिकवायला नको.

एक घडी. "पन्नास." दुसरी. "पंचवीस." तिसरी घालून तिने ती नखाने दाबली आणि ओठ हलवत चौकटी मोजल्या.

"साडेबारा. शंभरातल्या साडेबारा, साहेब."

बाईंना टेबल सोडून तिच्याजवळ जावंसं वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी हीच पोरं अर्धा म्हणजे एक पॉइंट दोन लिहीत होती. वर एक, खाली दोन, मध्ये टिंब दिलं की झालं!

साहेबांनी हातातला उत्तरांचा कागद पाहिला. "शून्य पॉइंट एक दोन पाच. चूक."

"तेच सांगतेय ती," बाई म्हणाल्या. "शंभरातले साडेबारा म्हणजे हजारातले एकशे पंचवीस."

"माझ्या कागदावर साडेबारा नाही."

"मग कागद कच्चा आहे साहेब, पोरगी नाही."

दारात उभ्या हेडसरांनी डोळे मोठे केले. बाईंनी ते पाहिले आणि सोडून दिले. उत्तर चुकलं की पोर 'क' तुकडीत. 'क' तुकडी म्हणजे जिन्याखालची खोली, मोडकी बाकं आणि आलाच तर एखादा शिक्षक. मागच्या वर्षी तिथे सात जण गेले. सातही अजून तिथेच आहेत. पोरं आत जातात, बाहेर येत नाहीत, आणि दारावर पाटी आहे 'सुधार वर्ग'.

बाईंनी एक कोरी पट्टी साहेबांपुढे धरली. "तुम्हीच करा. अर्धी, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. किती भाग होतात ते सांगा."

"हे काय, आता माझी परीक्षा का?" साहेब हसले. पण चाळीस पोरं बघत होती. त्यांनी तीन घड्या घातल्या, पट्टी न उलगडताच टेबलावर ठेवली. "सहा. तीन घड्या, तीन दुणे सहा."

बाईंनी इथेच गप्प बसायचं होतं.

"टिचके, किती गं?"

"आठ होतात साहेब," टिचकी म्हणाली. "उलगडून बघा ना."

आणि वर्ग हसला. पोरं हसतात तसा, पोट धरून, बाक हलेपर्यंत.

साहेबांनी पट्टी उलगडली नाही. पेन आणि वर्गाची यादी काढली. टिचकीच्या नावापुढे फुली मारली, इतकी दाबून की कागदाला भोक पडलं. मग यादी बाईंच्या टेबलावर टाकून ते निघून गेले.

हेडसर त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आले. "झालं समाधान? चहा पाजून मी त्यांना पटवलं असतं. एका पोरीचा प्रश्न होता. तुमच्या जिभेने तिला जिन्याखाली घातलं."

हे खरं होतं. बाईंना सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. पोरीला बरोबर उत्तर येऊन भागत नाही, वर कुणीतरी जाऊन चहा पाजावा लागतो. आणि ते माहीत असूनही आपण गप्प बसलो नाही.

त्यांनी यादी ओढली. फुलीवर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं, 'उत्तर बरोबर आहे.' खाली ठसठशीत सही केली.

हेडसरांनी यादी उचलली, तिच्या चार घड्या केल्या आणि ती खिशात घातली. "हिची दुसरी प्रत निघते बाई. तुमच्या सहीवाचून काही अडत नाही. मधल्या सुट्टीनंतर तिला खाली पाठवा."

सुट्टी संपली तेव्हा टिचकी दप्तर पाठीला लावून टेबलापाशी आली. रडली नव्हती. बाईंनाच तिच्याकडे बघवेना.

"बाई, पट्ट्या नेऊ? तिकडे नसतील."

"किती जण आहेत तिकडे?"

"सात. मला धरून आठ."

बाईंनी खण ओढला. कोऱ्या पट्ट्या सातच उरल्या होत्या. "थांब, एक कापून देते," म्हणत त्या कात्री शोधू लागल्या. कात्री हातात येईना.

टिचकीने टेबलावर पडलेली, साहेबांनी घड्या घातलेली पट्टी उचलली.

"राहू द्या बाई. मला ही चालेल," ती म्हणाली. "हिचे आठ झालेत."