बिननावाचा अर्ज

"अर्ज कोणी केला?" मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शीतगृहाच्या ऑफिसात चौदा बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. सुपरवायझर रंगनाथ मालकांच्या खुर्चीमागे होता. कोणी मान वर करत नव्हतं.

बेलापूरजवळच्या त्या शीतगृहात मटार आणि मक्याचे दाणे गोठवून ठेवत. आत उणे अठरा अंश. बायका घरच्या स्वेटरवर दीड-दीड तास क्रेट लावत. सुती हातमोजे ओले झाले की लाकडासारखे कडक होत. दाराची आतली कडी तर कधी अडकेल याचा नेम नव्हता.

गेल्या महिन्यात छबूबाईची दोन बोटं आधी पांढरी पडली, मग काळी. डॉक्टरांना शेंडे काढावे लागले.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हिया दारात आडवी उभी राहिली. ती तिथली सर्वांत जुनी कामगार. जाड कोट आणि हातमोजे आल्याशिवाय कोणी आत जाणार नाही, असं तिने रंगनाथला बजावलं. तो म्हणाला, वरून हुकूम नाही, गाडी खोळंबलीय, आत चला. अर्धा तास ती हलली नाही. मग मालकांचा फोन आला. जी आत जाणार नाही, तिने उद्यापासून येऊ नये. एकेक बाई खाली मान घालून आत गेली. सर्वांत शेवटी सिल्व्हिया गेली. जाताना रंगनाथला म्हणाली, हे मी इथं सोडणार नाही.

आठ दिवसांनी कारखाना निरीक्षक आले. त्यांनी थेट ती कडी ओढून पाहिली. छबूबाईची नावानिशी चौकशी केली. कोणती बाई किती मिनिटं आत होती, त्याची महिन्याभराची यादीच त्यांच्याकडे होती. पंधरा दिवसांची नोटीस देऊन ते गेले. निनावी अर्ज आला होता, एवढंच त्यांनी सांगितलं.

"नाव कळलं नाही, तर सगळ्यांचं काम बंद," मालक म्हणाले.

रंगनाथने घसा साफ केला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात सिल्व्हिया पुढे आली.

"मी केला. येळा मीच टिपत हुते."

मालकांनी तिला त्याच दिवशी काढून टाकलं. ती डबा उचलून ताठ मानेने चालत गेटबाहेर पडली.

महिन्याने एका दुपारी रंगनाथ तिच्या घरी आला. ती ओसरीवर शेजारणीचे ब्लाऊज शिवत होती. तिने मशीन थांबवून पाणी दिलं. त्याने सांगितलं, कोट आले, हातमोजे आले, कडी नवी बसली. चाळीस मिनिटं झाली की बायका बाहेर येतात, उबेच्या खोलीत बसून चहा घेतात. छबूबाईला बाहेर लेबलं लावायचं काम दिलंय.

"गाडी खोळंबली तरी बाहेर येत्यात?" तिने विचारलं.

"मी घड्याळ घेऊन दारात उभा असतो."

तिने समाधानाने मान हलवली. रंगनाथने हातातला तांब्या खाली ठेवला.

"बाई, त्या दिवशी मी सांगणारच हुतो. अर्ज माझा हुता."

"ठावं हुतं मला," सिल्व्हिया म्हणाली. "पर बायकांना थंडीतनं भाईर काढायचा हुकूम तुमचा चालतो, माझा न्हाई."